लाल रॅक, निळं रॅक आणि माझा एक फोन

मी, ज्याला गल्लीतले सगळे 'रिमोट' म्हणतात तो, वय वर्षे सव्वीस, शिक्षण दहावी (दुसऱ्या फटक्यात), धंदा वडिलांच्या डिस्कच्या दुकानात बसणे, असं लिहून ठेवतो की माझी अक्कल आत्ता ठिकाणावर आहे. कुणी दमदाटी केलेली नाही. दारू प्यायलेलो नाही, डॉक्टरांनी बंद केली आहे. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, शंभरातले चार जण उठत नाहीत. मी म्हटलं, माझा नंबर कितवा? ते हसले नाहीत. म्हणून हे लिहितोय. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. एकदा केलं होतं, पण ते हेडमास्तरांच्या नावाने, आणि शाळेच्या फळ्यावर लावलं होतं. ते धरू नये.

कलम एक. माझी मोटरसायकल काकाच्या मुलीला, म्हणजे चिमणीला. लहानपणी मी तिला सांगितलं होतं की तुला दुकानाच्या डिस्क परत टाकायच्या पेटीत कुणीतरी टाकून गेलं होतं. दोन वर्षं ती ते खरं मानून होती. गाडीचा डावा आरसा नाही. चढावर चोक ओढावा लागतो.

कलम दोन. डिस्कचे ओरखडे घासायचं मशीन चावीवाले मामांना. दुकानासमोर त्यांची चाव्या करायची टपरी आहे. मोटर चांगली आहे, पट्टा बदलून त्यावर चाव्या घासता येतील. त्यांनी मला कधी कुणाकडे पकडून दिलं नाही, त्याबद्दल.

कलम तीन. हेडमास्तरांना काही नाही. त्यांनी मला भर मैदानात उभं करून 'हा पुढे काही होणार नाही' असं माइकवर सांगितलं होतं. माणूस बरोबर निघाला, याचाच राग आहे.

कलम चार. आईला माझा मोबाइल, कपडे आणि पलंगाखालची पेटी. आई, पेटी उघडताना चेहरा लांब ठेव. आत स्प्रिंग आहे.

कलम पाच. लाल रॅक. यात एकशे त्रेचाळीस डिस्क आणि त्या वाजवणारा एकच प्लेअर. हे सगळं बाबांचंच आहे, पण माझ्यामुळे त्यांच्या गळ्यात पडलंय. म्हणून त्यातला माझा वाटा आणि माझं बँकेतलं जे काय असेल ते बाबांना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाबा आणि काका मिळून एकच दुकान चालवायचे, सिनेमाच्या डिस्क भाड्याने द्यायचं. मग एकदम स्वच्छ चित्राच्या नव्या डिस्क निघाल्या, आणि त्याही दोन जातींच्या. एक एचडी डीव्हीडी, लाल डब्यातली. दुसरी ब्लू-रे, निळ्या डब्यातली. एकीच्या प्लेअरवर दुसरी चालायची नाही. डब्यातून काढली तर दोन्ही सारख्याच चंदेरी. बाबा लालचे. "अरे, नावातच डीव्हीडी आहे, म्हणजे घरातलीच की!" काका निळ्याचा. "दादा, निळीत मावतं जास्त. आणि पोरांच्या गेमच्या डब्यावर आत्ताच चालते ती." सकाळी शटर उघडलं की सुरू, ते जेवणापर्यंत. गिऱ्हाइकं एकाला लालशेठ म्हणायची, दुसऱ्याला निळेशेठ. भांडायचे, पण एकाच डब्यातून जेवायचे.

शेवटी ठरलं की एजंटचा शब्द मानायचा. एजंट म्हणजे आम्हाला माल देणाऱ्याचा माणूस. दर गुरुवारी अकराला दुकानातल्या फोनवर त्याचा फोन यायचा, काय चालतंय, काय उचला हे सांगायला. आपण फक्त ऐकायचं. ऑर्डरची चिठ्ठी शनिवारी टेम्पोवाल्याच्या हातात द्यायची, माल पुढच्या शनिवारी. एजंटला उलटा फोन करायची पद्धतच नव्हती. त्याने सांगितलं म्हणजे झालं.

कलम सहा. हे कलम मालमत्तेचं नाही.

तो फोन मी केला होता.

मी पंधरा वर्षांचा होतो. काका पंधरा दिवस सासुरवाडीला गेला होता. गुरुवारी अकरा वाजले तरी एजंटचा फोन नाही. मला गल्लीतल्या सगळ्यांचे आवाज काढता यायचे, एजंटचा तर खोकल्यासकट. मी मामांच्या टपरीवरून दुकानात फोन लावला. मामा बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होते, त्यांना वाटलं पोरगा मैत्रिणीशी बोलतोय. मी खोकलो आणि म्हटलं, "काय मालक! मोठ्या सिनेमा कंपन्या सगळ्या लालकडे चालल्या. निळं संपलं. माल उचलून ठेवा, नंतर मिळणार नाही." समोर रस्त्यापलीकडे काचेतून बाबा दिसत होते. फोन ठेवला आणि ते खुर्चीवरून उठून काउंटरभोवती एक फेरी मारून आले. मला एवढं हसू आलं की मामांच्या चाव्यांचा अख्खा जुडगा मी खाली पाडला.

संध्याकाळी सांगणार होतो. खरंच. पण दुपारी बाबांनी मला जवळ बोलावलं. "बस इथं. तुझा काका मला जुनाट म्हणतो ना? बघ आता." आणि पहिल्यांदा मला काउंटरच्या आत, त्यांच्या खुर्चीवर बसवलं. चहा मागवला, अर्धा मला दिला. आमच्या घरात माझ्याकडे बघून एवढा खूश कुणी झालेला मी पाहिला नव्हता. त्या खुर्चीवर बसून 'बाबा, मी गंमत केली' म्हणायचं होतं. गुरुवार गेला. शुक्रवार गेला. शनिवारी टेम्पोवाला आला आणि बाबांनी निळ्याची सगळी ऑर्डर रद्द करून लालची चिठ्ठी त्याला दिली. चिठ्ठी माझ्या हातूनच दिली.

काका परत आला तेव्हा एक अख्खी भिंत लाल झाली होती. "मला न विचारता?" "एजंटने सांगितलं." काकाला मानावं लागलं, कारण ठरलंच होतं तसं.

पुढच्या फेब्रुवारीत लालवाल्यांनी हात वर केले. लाल प्लेअर निघायचे बंद, डिस्क निघायच्या बंद. बाबांनी एजंटला धरलं. तो म्हणाला, "मालक, त्या गुरुवारी माझा घसा बसला होता. बायकोशीसुद्धा कागदावर लिहून बोलत होतो. मी कशाला फोन करीन?" बाबा आत आले. काका लाल रॅकपुढे उभा राहून हसत होता. म्हणाला, "दादा, आता या डब्यांत बटणं भरून ठेव." त्याला फोनचं काहीच माहीत नव्हतं. पण बाबांना तेवढं हसणं पुरलं.

"तूच कुणालातरी फोन करायला लावलास."

"दादा, वेडा झालास का? माझंही दुकान आहे हे!"

"तुझं निळं खरं करायचं होतं तुला. मला तोंडावर पाडायचं होतं."

काकाने चिमणीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. बाबा म्हणाले, "पोरीला कशाला मधे घेतोस, चोरा." मी तिथेच होतो, शिडीवर, डबे लावत. माझं तोंड जगातल्या प्रत्येकाचा आवाज काढतं. त्या दिवशी माझा स्वतःचा निघाला नाही.

महिन्याभरात दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. काकाची बाजू निळी, आमची लाल. निळी जिंकली म्हणून काका तीन-चार वर्षं मान वर करून चालला. मग लोक सगळंच मोबाइलवर बघायला लागले आणि निळीलाही कुणी विचारेना. आता तिकडे काका मोबाइलची कव्हरं विकतो. आमच्याकडे काहीच विकलं जात नाही, पण बाबा रोज लाल डबे पुसतात. काकू गेली तेव्हा बाबा शटर अर्धं ओढून आत उभे होते. दुकानासमोरून तिला नेलं. बाबा पुढे झाले नाहीत. मी बाबांच्या मागे उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

बाबांचा भाऊ मी नेला. काकाचाही. प्लायवूडचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा केला, एवढाच शेवटचा व्यवहार.

कलम सात. माझ्या पश्चात मामांनी कलम सहा बाबा आणि काका दोघांसमोर मोठ्याने वाचावं. मध्ये थांबू नये. कुणी रडलं तर पाणी द्यावं, कुणी मारायला उठलं तर मी नसेनच.

एवढं लिहून मी मामांना दुकानाच्या मागच्या खोलीत बोलावलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, "मशीन नको मला, साक्ष देतो" म्हणत सही केली. म्हणाले, "दुसरा साक्षीदार लागेल. ज्याला यातलं काही मिळणार तो चालत नाही. गिऱ्हाईक बघ एखादं." आमच्या दुकानात गिऱ्हाईक! आम्ही दोघंही हसलो, आणि ते ऐकून बाबा पडदा सारून आत आले.

"काय चाललंय?"

कागद मामांच्या हातात होता. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो की नाही ते मलाही कळलं नाही. बाबांनी कागद घेतला आणि उभ्यानेच वाचला. पहिल्या पानावर एकदा हसलेसुद्धा, पेटीपाशी. मग हसले नाहीत. वाचून झाल्यावर पुन्हा मधूनच वाचलं.

"खोकलासुद्धा तूच?"

"हो."

बाबांनी कागद टेबलावर सपाट केला. मग मामांना म्हणाले, "पेन द्या."

"मालक, तुम्ही सही केलीत तर तुमच्या नावचं सगळं जाईल. साक्षीदाराला काही घेता येत नाही."

"वाचलंय मी. म्हणूनच करतोय."

त्यांनी सही केली. मी म्हटलं, "बाबा, काकाला तुम्ही सांगाल? मी गेल्यावर?"

कागद माझ्यापुढे टाकत म्हणाले, "तू जा. अजून जिवंत आहेस ना."

आणि बाहेर काउंटरवर जाऊन बसले.

म्हणून दुरुस्ती: कलम दोनमधलं मशीन मामांनी सोडलं, ते आईला. कलम पाचमधला बाबांचा वाटा रद्द, तोही आईला. कलम सातही रद्द. कलम सहा मी स्वतः वाचून दाखवणार आहे, आज, काका साडेपाचला दुकान बंद करतो त्याआधी. बाकी सगळं कायम.

लिहिणार: रिमोट (सही)

साक्षीदार पहिला: समोरचे चावीवाले मामा (सही)

साक्षीदार दुसरा: लिहिणाऱ्याचा बाप (सही)

ठिकाण: दुकानाची मागची खोली, लाल बाजू
दिनांक: १४ मार्च २०१९, गुरुवार, पाच वाजून दहा मिनिटं