स्मरणार्थमधला ण

पिंगळी, मंगळवार, एप्रिल १९४१

आई गेल्यावर तिच्या नावाने पाणपोई बांधली. आज तिथे नावाचा दगड बसवायचा होता. पाथरवटाने मी लिहून दिलं तसंच कोरलं होतं, ‘आईच्या स्मरनार्थ’. घरीच मराठी शिकलेल्या गंगूने, माझ्या धाकट्या बहिणीने, ते वाचून काम थांबवलं.

“दादा, इथं ण पायजे.”

“माझी सगळी सरकारी शाळा उर्दूत झाली. उर्दूत ण न्हाईच.”

“आईच्या बोलण्यात तर होता की!”

आई ‘पाणी’ किती स्वच्छ म्हणायची. शाळेने शिकवलं नाही, खरंय. पण शाळा सुटून वर्षं झाली. तेव्हापासून शिकायला मला कुणी अडवलं होतं? एका ‘ण’साठी अख्खा दगड पुन्हा घासायला गेला.

आत्ता गंगूला म्हणालो, “मला शुद्ध लिहायला शिकव.”

ती हसली नाही. पाटी पुसून तिने माझ्यापुढे ठेवली.