खालच्या गल्लीची हरकत

पिंपरी,
फेब्रुवारी १९८२

प्रिय सुमन,

तुझं पत्र परवा मिळालं. भांडी घासत होते, हात पदराला पुसले आणि मोरीपाशी उभ्यानेच वाचलं. नऊ वर्षांनी तुला माझी आठवण झाली आणि तीही पाण्यावरून, हे बघून मला हसूच आलं. ह्यांनी विचारलं काय झालं, तर म्हटलं, सुमनचं पत्र आहे, तब्येत विचारतेय. तशी तू विचारली आहेसच, पहिल्या दोन ओळींत. माझी तब्येत उत्तम आहे. तुझ्या मागणीचं उत्तरही देणार आहे, पण शेवटी. तुला काहीही शेवटाकडून वाचायची खोड आहे म्हणून सांगते, या वेळी सुरुवातीपासून वाच.

तो नळ आठवतो का? कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून आपली वस्ती. वरची गल्ली तुमची, सातारा-सोलापूरकडून आलेल्यांची. खालची आमची, बौद्धांची. आणि दोन्हींच्या मधोमध एकच नळ. पहाटे पाणी यायचं आणि कंपनीचा भोंगा व्हायच्या आत जायचं. बायका आदल्या संध्याकाळीच विटा मांडून नंबर धरायच्या आणि सकाळी त्या विटा हलवल्या म्हणून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. आपली ओळख अशीच झाली. तू माझी वीट सरकवलीस, मी तुझा हंडा भिरकावला. तुझे दौलतराव आणि हे एकाच कंपनीत, एकाच बसला लटकून जाणारे, ते मधे पडले म्हणून बरं. त्याच दिवशी दिवेलागणीला तू माझ्याकडे मीठ मागायला आलीस. मीठ तुझ्या घरात होतं, हे मला पुष्कळ पुढे कळलं. मला ते फार आवडलं होतं, सुमन. माझ्या चुलीजवळ बसून तू सुकटीची चटणी आणि भाकरी खाल्लीस आणि वरच्या गल्लीत जाऊन सगळ्यांना चव सांगितलीस. तुझ्यासारखी बाई मी पाहिली नव्हती. म्हणून तर राग अजून जात नाही.

विटांचा तंटा मिटवायला आपण दोन्ही गल्ल्यांतल्या बायका नळाच्या कट्ट्यावर बसवल्या. कोणी म्हणे पाणी कमी आहे, कोणी म्हणे खालच्या गल्लीची दादागिरी, कोणी म्हणे वरच्यांची. माझ्या सासूबाई आक्काबाई कोपऱ्यात तंबाखू मळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पानी हाय तेवढं हाय. ज्याचा गडी आधी कामाला जातो त्याचं आधी भरू द्या की." मग नियम झाला, पाळीप्रमाणे नंबर. आणि पहिल्याच आठवड्यात काय झालं ते आठवून मी अजून एकटी हसते. आख्ख्या वस्तीतले पुरुष अचानक पहिल्या पाळीला जायला लागले. ज्याला कंपनीने कधीच काढून टाकलं होतं तो सयाजीसुद्धा. आणि रात्रपाळीच्या माणसाला घरी येऊन आंघोळ लागते, हे आपल्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. तुझे दौलतराव अंगाला साबण लावून लुंगीवर उभे आणि नळ कोरडा. पुन्हा बैठक बसली. मग ठरलं, नुसतं तोंडाने सांगायचं नाही. जिच्या हातात नवऱ्याचा भरलेला डबा, तिचा हंडा पुढे. रात्रपाळीवाल्याने रिकामा डबा आणून दाखवायचा, त्यालाही एक बादली. पहाटे उठून खोटा स्वयंपाक कोण करणार? तंटा दोन दिवसांत मिटला. त्या बैठकीत तू एक वाक्य बोललीस, मी ते पदराच्या गाठीसारखं जपलं. तू म्हणालीस, ज्याला नियम लागू, त्याला बैठकीत जागा.

मग आपल्या डब्याच्या नियमाला पाय फुटले. पाणीखात्याच्या साहेबांनी तो बघितला आणि आपल्या दोघींना काळेवाडीला नेलं, मग आकुर्डी, भोसरी. आपण एसटीने राजगुरुनगरपर्यंत गेलो होतो. तिथे तेव्हा कंपनीही नव्हती आणि पाळ्याही नव्हत्या. पण साहेबांनी सांगितलं म्हणून तिथल्या बायका रिकामे डबे घेऊन नळावर उभ्या होत्या. एकीने तर डबा नव्हता म्हणून लग्नातला तांब्याच धरला होता. परतताना आपण इतक्या हसलो की कंडक्टर रागावला. तेव्हा मी म्हटलं होतं, नियम उचलून नेता येतो, पण बैठक ज्याची त्यालाच बसवावी लागते. तू मान डोलावलीस. पुढे हेच वाक्य तू तुझ्या भाषणांत वापरलंस, असं आमच्या गल्लीतल्या मंजुळाबाईने येऊन सांगितलं. वापर, मला त्याचं काही नाही.

मला दुसऱ्याच वाक्याचं आहे. वस्तीला मोठा पाइप मंजूर झाला आणि संयुक्त समिती बसली. पाणीखात्याचा कारकून, कंपनीचा वेल्फेअरवाला, गावातले लक्ष्मणराव आणि दोन्ही गल्ल्यांची माणसं. कुठे बसायचं, तर लक्ष्मणरावांच्या ओसरीवर, कारण पाइप त्यांच्या शेतातून येणार होता. आम्ही खालच्या गल्लीच्या बायका आक्कांना पुढे घालून गेलो, तर आमच्यासाठी अंगणात पोती अंथरलेली होती. तू ओसरीवर, तक्क्याशेजारी. मला वाटलं, आता सुमन उठेल आणि खाली येऊन आमच्यात बसेल. खरंच वाटलं होतं गं. लक्ष्मणरावांनी सांगितलं की नळ मधोमध नको, वरच्या टोकाला, त्यांच्या भिंतीपाशी असावा. वरच्या गल्लीचं भरून झालं की खालच्यांनी भरावं. डबा-बिबा काही नाही. आणि पुढे या पाइपवर कोणालाही नवा जोड हवा असेल, तर आधीच्या नळवाल्यांची संमती लागेल. मी अंगणात उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आमची हरकत आहे. लक्ष्मणराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "बैठकीतलं बैठकीत, अंगणातलं अंगणात." कारकुनाने ओसरीवरून नजर फिरवली आणि तुला विचारलं. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. मग म्हणालीस, "खालच्या गल्लीची काही हरकत नाही. मी विचारून आले आहे."

कोणाला विचारून आली होतीस? माझ्या दारात तर आली नव्हतीस. ज्या बाईने माझ्या चुलीजवळ बसून भाकरी खाल्ली, तिला माझ्या दारापर्यंत यायला काय झालं होतं? निघताना मी अंगणात थांबले तर तू म्हणालीस, नीला, नंतर बोलू. ते ‘नंतर’ परवा पत्रातून आलं.

त्यानंतरचं तुला ठाऊक आहे, पण मी लिहिणार, तू वाच. वरच्यांचं भरून होईपर्यंत पाणी जायचं. आम्ही पाण्याला पवना नदीवर जायला लागलो. मी कामाला लागले होते म्हणून आक्का जायच्या. उतारावर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. दोन वर्षं खाटेवर होत्या. तू दौलतरावांच्या हाती मोसंबी पाठवलीस. स्वतः नाही आलीस. शेवटी शेवटी आक्का प्यायला पाणी मागायलाही संकोचायच्या, कारण ते कोणी आणि कुठून आणलंय हे त्यांना माहीत होतं. ओठ कोरडे पडले तरी म्हणायच्या, आता नको, मग देस. मी तुझं नाव काढून शिव्या घातल्या तर मलाच दटावायच्या. "तिला बोलू नगंस पोरी. वरच्या गल्लीत ऱ्हाती ती, तिला तितंच नांदायचं हाय." त्यांनी तुला माफ केलं होतं, हे तुला कळावं म्हणून सांगते. मी केलेलं नाही, हेही त्यासोबतच कळू दे.

आक्का गेल्यावर मी काय केलं, ते तू वरून बघतच होतीस. ज्या ज्या वस्तीत आपण डब्याचा नियम पोचवला होता, तिथे तिथे मी पुन्हा गेले, एकटी. काळेवाडीच्या भिमाबाई, भोसरीच्या कस्तुरा, त्यांच्याकडेही हेच झालं होतं. नियम बायकांचा आणि बैठक दुसऱ्याच्या ओसरीवर. आम्ही सगळ्या मिळून नगरपालिकेच्या पायरीवर इतक्या वेळा बसलो की तिथला शिपाई आम्हाला चहा आणून द्यायला लागला. तुमचा संमतीचा नियम आम्ही मोडला नाही. मोडता आला असता, साहेब तयार होते. मीच म्हटलं, राहू द्या, फक्त त्यात दोन गोष्टी घाला. बैठक व्हायची ती पाइप जिथे संपतो त्या गल्लीत, एका छताखाली. आणि जो तो आपल्या घरापुरतं बोलेल, दुसऱ्याच्या वतीने कोणी नाही. एका घराचीही हरकत आली तर विषय पुढच्या वर्षावर. आमच्या गल्लीत नळ आला, डबा परत आला आणि मला पाणी समितीची अध्यक्ष केलं. सगळ्यांना वाटलं, नीला किती शांत झाली. मी शांत नव्हते. लक्ष्मणरावांनी शेत विकून प्लॉट पाडले, त्यात तुम्ही घर बांधायला घेतलं, तेव्हाच मी ओळखलं होतं की एक दिवस तुम्हाला आमच्याच पाइपवर जोड लागणार. मी नुसती वाट बघत होते.

आता तुझ्या पत्राकडे येते. तू लिहितेस, तुमच्या सोसायटीत टँकर येतो, तुझ्या सासूबाई गावाहून राहायला आल्या आहेत, त्यांच्याच्याने जिन्यावरून बादल्या वाहवत नाहीत. त्यांना माझा नमस्कार सांग. पवना अजून तिथेच आहे आणि आता घाट बांधलाय, पाय घसरत नाही. इंजिनिअरसाहेब सांगतात की तुम्हाला जोड दिला तरी आमच्याकडचा दाब कमी होणार नाही. त्यांचं खरं असेल, मी वाद घालणार नाही. तू लिहितेस, नीला, तू अध्यक्ष आहेस, आपली जुनी मैत्री आहे, खालच्या गल्लीची हरकत नाही एवढं तू समितीत सांगून टाक. हे वाक्य लिहिताना तुझा हात जरासुद्धा थांबला नाही का, एवढंच मला विचारायचं होतं. ते विचारायला आणि बैठकीचं आमंत्रण द्यायला हे पत्र लिहिलं. बैठक येत्या रविवारी माझ्या घरात आहे. तुला अंगणात बसवणार नाही. आत बसवीन, जिथे आक्कांची खाट होती तिथे, नवी सतरंजी घालून, आणि आल्या आल्या तांब्याभर पाणी देईन. खालच्या गल्लीतल्या बाकीच्या बायका बहुतेक हो म्हणतील, त्यांना आक्कांचं वळण आहे. अडचण माझी होती. अध्यक्षाला हरकत घेता येत नाही, त्याने फक्त विचारायचं असतं. म्हणून काल मी अध्यक्षपद सोडलं. इतक्या वर्षांची खटपट अशी एका दिवसात का टाकलीस म्हणून हे चिडले, भिमाबाई रडली. मंजुळाबाईला खुर्ची दिली. ती प्रत्येक घराला विचारील, हरकत आहे का. माझ्या घराची पाळी आली की मी उभी राहीन. या वेळी मी बैठकीत असेन, सुमन, आणि तूही. येताना सासूबाईंना घेऊन ये.

तुझीच, खालच्या गल्लीतली,
नीला