नकाराची पाटी

२ जून

ति. मामास,
शि. सा. न. वि. वि.

कॉलर ताठ कर, आमच्या भाषावर्गाच्या संचालकांनी तुझ्या हातची पाटी मागितली आहे. हॉटेलात कामाला लागणारी मुलं माझ्याकडे फ्रेंच शिकतात, त्यांच्या खोलीत लावायची आहे. शब्द पाचच: बोंजूर, मेर्सी, पार्दों, वी, नों. म्हणजे नमस्कार, आभार, माफ करा, हो, नाही. फ्रेंच मोठ्या अक्षरात, खाली इंग्रजी अर्थ. स्पेलिंग सोबतच्या कागदावर आहे. 'नों'ची अक्षरं तीन: एन, ओ, एन. शेवटचा एन दिसतो, पण तो उच्चारायचा नाही, नाकात सोडून द्यायचा.

शब्द आणि अर्थ घोकून घेतला की काम झालं, असं संचालकांचं मत. मी शब्दाचं कूळही सांगते. आपलं मटण मुळात फ्रेंच मूतों, म्हणजे साधी मेंढी. फ्रेंच बोलणाऱ्या सरदारांनी इंग्लंड जिंकलं तेव्हा मेंढी पाळणारा गडी तिला शीप म्हणत राहिला आणि ताटात वाढून घेणारा सरदार मटण. मुलं हसली, मग आपण त्यातले कोण, असं विचारू लागली. संचालकांना हे आवडलं नाही. असल्या गोष्टींनी मुलांना तोंड फुटतं, म्हणाले.

आई बरी आहे. लोभ तुझ्या रंगासारखा पक्का राहू दे.

तुझी ठमी

११ जून

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाटी झाली, वाळते आहे. मागे तू सांगितलंस की सलून म्हणजे मुळात बैठकीची खोली. जन्मभर केस कापायच्या दुकानांवर मी तो शब्द रंगवला. आता दाढीला बसलो की पाहुणा आल्यासारखं वाटतं आणि चहा कसा विचारत नाहीत म्हणून राग येतो.

आज तुझ्या संचालकांचं पत्र आलं. 'नों' पुसा, चारच शब्द ठेवा, म्हणतात. कारण दिलेलं नाही. अगं, सगळ्यात झोकदार तीच तीन अक्षरं जमली आहेत! ताईचीही चिठ्ठी आली, ठमीला समजाव म्हणून. काय समजावू, ते लिहायला ती विसरली. तू काय करून बसली आहेस ते सविस्तर कळव.

आशीर्वाद आहेतच, कान पिळण्याचा हक्कही राखून ठेवला आहे.

मामा

१५ जून

ति. मामास,
शि. सा. न. वि. वि.

करून मी बसलेली नाही. वर्गातली सगळ्यात लाजरी मुलगी, जिला सगळे गोगलगाय म्हणतात, तिने केलं. हॉटेलात ती शिकाऊ म्हणून वाढायला होती. एका पाहुण्याने तिला काम संपल्यावर खोलीवर ये म्हटलं. ती म्हणाली, नों, मस्य, म्हणजे नाही, साहेब. त्याने पुन्हा विचारलं, हिने पुन्हा तेच सांगितलं. त्याने तक्रार केली, की मुलगी उद्धट आहे.

आता संचालकांचा हुकूम असा, की तिने 'पार्दों' असं लेखी द्यायचं आणि नकार शिकवणं ही माझी चूक, म्हणून खाली मी सही करायची. नाहीतर तिला प्रमाणपत्र नाही, मला नोकरी नाही. मामा, पार्दोंचं मूळ माहीत आहे? पुरतं देऊन टाकणं. त्यातला 'दों' आपल्या दानाचा लांबचा भाऊ आहे. दान काय मानगूट धरून घेतात?

मी सही करणार नाही. पण माझ्या ताठ्यापायी त्या पोरीचं नुकसान होईल, ही भीती मला खाते आहे. आई म्हणते, कर सही, शाईच तर आहे. तिने उभ्या जन्मात कोणाला नाही म्हटलेलं तुला आठवतं का?

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी ठमी

२० जून

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाटी पाठवली आहे, पाचही शब्दांसकट. माझ्याकडून तुला भेट. तुझ्या संचालकांना कळवलं, की रंग पक्का आहे आणि रंगारीही. पाहिजे तर दुसरीकडून चार शब्दांची करून घ्या.

तुझी भीती खोटी नाही, पण त्या पोरीला विचारलंस का? गोगलगाय नि पोटात पाय, हे आपल्या लोकांनी उगीच म्हटलेलं नाही. तिच्या वाटचं तूच घाबरून घेऊ नकोस.

ताईला मी काय समजावणार? लहानपणी माझ्या वाटची बोलणीसुद्धा तिनेच हो हो म्हणून खाल्ली. तिला सांग, आता पुरे.

तुझा आणि तुझ्या गोगलगायीचा,
मामा

२९ जून

ति. मामास,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं तिला. ती म्हणाली, बाई, मला तुमची पाटी जरा नीट बघू द्या. बराच वेळ बघत उभी राहिली.

संचालकांनी समोर कोरा कागद ठेवला. तिने पेन घेतलं आणि मधोमध तीन अक्षरं काढली, हुबेहूब तुझ्या वळणाची: नों. संचालकांचा आवाज चढला. खाली सही करायची असं त्यांनीच मला सांगितलं होतं, म्हणून मी केली, चांगली लफ्फेदार. प्रमाणपत्र गेलं, नोकरी गेली. बाहेर आल्यावर पोरीला रडू आलं आणि मलाही, पण सही परत घ्यावी असं दोघींना क्षणभरही वाटलं नाही.

आता वर्ग आमच्या बैठकीच्या खोलीत भरतो, म्हणजे खऱ्याखुऱ्या सलूनमध्ये. अर्धीअधिक मुलं इकडे आली. गोगलगाय पहिल्या रांगेत बसते. पाटीसाठी खिळा आईने ठोकला, भिंतीचा पोपडा काढून.

काल संचालक पाटी न्यायला दारात आले. मी शिकवत होते, म्हणून आई पुढे गेली. ते गोड आवाजात म्हणाले, की पाटी आम्ही सांगून करवली होती, 'नों' तेवढा पुसून लावू, तुम्ही समजूतदार आहात, नाही म्हणणार नाही. आईने पाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि म्हणाली, नोन. त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगून दार लावलं.

उच्चार साफ चुकला होता. शेवटचा एन चांगला ठणठणीत वाजला, सगळ्या वर्गाने ऐकला. मी दुरुस्त केला नाही.

लोभ असू दे. याला मात्र नाही म्हणू नकोस.

तुझी ठमी