खंडेनवमीला घातलेले तेल

मी, मानसिंग नानासो निकम, वय एकाहत्तर, मूळ राहणार रहिमतपूर, जि. सातारा, सध्या मुक्काम कुपवाड, जि. सांगली, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने, कोणाचेही दडपण नसताना लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अक्षर वेडेवाकडे दिसेल. त्याला उजव्या हाताचा कंप कारण आहे, मनाचा नाही. यापूर्वीचा मागच्या महिन्यातला मसुदा मी रद्द करतो. कारण कलम पाचमध्ये आहे.

कलम १. रहिमतपूरचे घर व बँकेतील ठेव माझी मुलगी सई, राहणार वाई, हिला द्यावी. तिने आजवर काही मागितले नाही. घराच्या मागच्या दाराची कडी आतून अडकते, ती वर उचलून ओढावी.

कलम २. कुपवाडचा कारखाना, म्हणजे शेतीपंपाच्या स्टार्टर पेट्या जोडण्याचे आमचे शेड, यंत्रे व नावासह मुलगा शंभूराज याला द्यावा. तो गेली आठ वर्षे चालवतोच आहे. माझ्या खुर्चीवर बसण्यासाठी मी मरेपर्यंत थांबला, एवढी अदब त्याने राखली.

कलम ३. बंधू हंबीरराव, सुभेदार (निवृत्त), यांना माझा लाल मुठीचा टॉर्क ड्रायव्हर द्यावा. नवाकोरा असताना त्यांनी तो उसना नेला आणि त्याने रंगाचा डबा उघडला. टोक वाकवून परत दिला आणि वर म्हणाले, "स्क्रू-ड्रायव्हरच हाय न्हवं गड्या, त्यात एवढं काय?" तो मी दुरुस्त केलेला नाही. तसाच द्यावा. त्याखेरीज माझा त्यांच्यावर राग नाही.

कलम ४. हत्यारांबद्दल. हे शंभूराजने नीट वाचावे, कारण तो किमतीची पाटी पाहून हत्यार घेतो.

प्रीसेट टॉर्क ड्रायव्हर म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंत स्क्रू आवळून मग 'कट्' करून सुटणारा. त्याच्यावर आकडे नसतात. आतला जोर खास किल्लीनेच बदलतो, म्हणजे काम करणाऱ्याच्या मनगटावर काही राहत नाही. घेताना आपल्याला लागणारा जोर त्याच्या पल्ल्याच्या मधोमध पडेल असा घ्यावा. अगदी टोकाला लावलेला ड्रायव्हर फार दिवस खरे बोलत नाही. एका कामाला एकच ठेवावा आणि त्याला रंगाची पट्टी मारावी. हातातून पडला तर वरून धड दिसला तरी टेस्टरवर, म्हणजे ड्रायव्हर किती जोरावर सुटतो ते दाखवणाऱ्या यंत्रावर, लावल्याशिवाय पुन्हा कामाला घेऊ नये. दर सोमवारी काम सुरू होण्याआधी सगळे तपासावेत. टोक झिजले की टोक बदलावे, माणसाला बोलू नये.

आत तेल घालू नये. घासलेटात बुडवू नये. कंपनीने भरलेले ग्रीस आहे, ते आपल्या मायेवाचून चालते.

कलम ५. हे कलम मला आधी लिहायला हवे होते.

सन २०१६ मध्ये मी असे अकरा ड्रायव्हर पहिल्यांदा घेतले. तोवर आम्ही साध्या स्क्रू-ड्रायव्हरवर आणि हाताच्या अंदाजावर चालत होतो. निवड मी स्वतः केली. साताऱ्याच्या कारखान्यात बावीस वर्षे टूलरूम सांभाळलेला माणूस, डब्यातला सूचनांचा कागद कशाला वाचेल? त्या खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मी शेडचे दार लावून सगळी हत्यारे पूजेसाठी धुतली, दरवर्षी धुतो तशी. पाने, पक्कड, हातोडे आणि हे अकरा. घासलेटात बुचकळले, पुसले, मुठीतून मशीनचे तेल सोडले. दुसऱ्या दिवशी झेंडूची फुले वाहिली. फार छान दिसत होते.

आतले ग्रीस धुऊन गेले होते. पुढे दोन महिने 'कट्' वेळेआधी होत राहिले आणि तारा पकडणारे स्क्रू ढिले राहिले. जानेवारीत चाळीस पेट्या परत आल्या. एक पलूसजवळ उसाच्या रानात पेटली, त्यात आप्पासो नावाच्या शेतकऱ्याचा हात भाजला. ड्रायव्हर पुण्याला तपासायला पाठवले. अकराही कमी जोरावर सुटत होते.

किल्ल्या दोनच होत्या. एक माझ्याकडे, दुसरी लाइन सांभाळणाऱ्या रेश्मा हणमंत माळी, राहणार कुंडल, हिच्याकडे. मी जोर बदललेला नाही हे मला ठाऊक होते, म्हणून तिनेच बदलला. काम लवकर उरकावे म्हणून. एवढाच विचार मी केला. ती म्हणाली, "मालक, मी किल्ली लावलीच न्हाई." मी सगळ्यांसमोर किल्ली काढून घेतली आणि तिला काढून टाकले. आसपासच्या शेडमधून विचारणा झाली तेव्हा फोनवर सांगितले की बाई सेटिंगला हात लावते. तिला कुपवाडमध्ये काम मिळाले नाही. ती द्राक्षांच्या पॅकिंगला जाऊ लागली.

पुढची दोन वर्षे ड्रायव्हर दसऱ्याच्या सुमारास पुण्याला तपासणीला गेलेले असत, म्हणून पूजेतून सुटले. सन २०१९ मध्ये टेस्टर घेतला. त्या खंडेनवमीला पूजेच्या आधी हौसेने सगळे ड्रायव्हर लावून पाहिले, बरोबर होते. मग धुतले, तेल घातले. पूजेनंतर पुन्हा लावले. अकराही कमी.

मी तिथेच बसून राहिलो. शंभूराजने जेवायला बोलावले, मी गेलो नाही. त्यानंतर सहा वर्षे मी गप्प होतो. मला लाज वाटत होती. ती तिला सांगण्याइतकी मोठी झाली नाही, लपवण्याइतकी मात्र होती.

पहिल्या मसुद्यात मी हे सगळे लिहून टेस्टर रेश्माच्या नावे केला होता. गेल्या आठवड्यात कुंडलला जाऊन तो तिला वाचायला दिला. तिने उभ्यानेच वाचला. म्हणाली, "आवं मालक, ह्ये तुमी मेल्यावर वाचणार. मी तर जिती हाय. आन् आईचं काय? ती ऐंशीची हाय. नऊ वरसं बायका तिला इचारत्यात, पोरीनं काय केलंवतं म्हणून."

मी विचारले, काय करू?

"लोकांम्होरं वाचा. जितं काढलं तितंच. मी साक्षीदार म्हणून सही करती."

वकील देवदत्त गोडबोले यांनी सांगितले की साक्षीदाराच्याच नावे काही ठेवले तर मृत्युपत्रावर शंका घेतली जाते, टेस्टर काढावा लागेल. तिला कळवले. ती म्हणाली, "जाऊ दे. मला टेस्टर नगं."

म्हणून मी लिहून ठेवतो: रेश्माने सेटिंगला कधीही हात लावला नाही. चूक माझी होती. कळल्यावर गप्प राहणे ही दुसरी, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. आज खंडेनवमीच्या पूजेआधी, शेडमधल्या बावीस माणसांसमोर मी हे मृत्युपत्र सुरुवातीपासून वाचणार आहे. वाचून झाल्यावरच सही करीन.

कलम ६. टेस्टर शंभूराजकडे राहील. ड्रायव्हर चुकला तर आधी टेस्टरकडे बघावे, माणसाकडे नंतर.

ठिकाण: कुपवाड, जि. सांगली
दिनांक: १ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

सही: मानसिंग नानासो निकम

आम्ही खाली सही करणारे लिहून देतो की, वरील मजकूर श्री. निकम यांनी स्वतः मोठ्याने वाचला व आमच्या डोळ्यांदेखत सही केली.

साक्षीदार १: डॉ. अनीश खाडिलकर, सांगली

साक्षीदार २: रेश्मा हणमंत माळी, कुंडल

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा: साळूबाई हणमंत माळी, कुंडल

(वकिलांची नोंद: दोन साक्षीदार पुरेसे आहेत, असे मी साळूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "मी बी ऐकलं न्हवं? आना हिकडं शाई." – दे. गो.)