पाकिटावरची मावशी

३ फेब्रुवारी
मिरची पावडरच्या पाकिटाचा मजकूर पुन्हा परत आला. आमच्या मसाला कंपनीचा शेठ म्हणतो, "पंच नाही आ रहा, भाऊ." त्याच्या मेहुण्याला 'तिखट' हा शब्द निगेटिव्ह वाटला. मिरचीच्या पाकिटावर तिखट नको! कॉपीरायटर म्हणे. कारकून बरा.

६ फेब्रु.
शेठला विचारलं, मिरची भिवापूरचीच ना? हसला. "माल कहीं का भी रहे, तुम्ही भिवापूर लिहा. लोकांले तेच पाहिजे."
भिवापूर माझ्या कुसुममावशीचं गाव. दर उन्हाळ्यात ती एसटीतून तिच्या शेतातली मिरची पाठवते, आई गच्चीवर वाळवते, आणि अख्खी बिल्डिंग आम्हाला शिव्या देत शिंकते. शेवटी तेच लिहून टाकलं. मावशी, गच्ची, ऊन. 'मावशीने पाठवलेली अस्सल भिवापुरी.' एका झटक्यात मंजूर. फक्त लोगो मोठा करा.

४ मार्च
छापलेलं पाकीट घरी नेलं, हा गाढवपणा. आईने चष्मा लावून मागची बाजूसुद्धा वाचली. डोळे पुसले. "आपल्या कुसुमवर लिहिलं रे तू!" माझं लिखाण वाचून आजवर कोणी रडलं नव्हतं. रडलं तर नेमकं यावर. मग आईने खालच्या दुकानातून आणखी पाकिटं आणून शेजारणींना वाटली.

११ मार्च
आई फोनवर मावशीला: "यंदा मिरची पाठवू नको वं कुसुम. काहून उगाच तरास घेतं? आपल्या पोराचं पाकीट हाय न आता. भिवापूरचीच राहते त्याच्यात."
मी समोरच बसलो होतो. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर ते डोळे पुसणं...
भाजी लालभडक. चव भुशाची. आई विचारते, आणखी वाढू? हो म्हणतो. लाज वाटते.

२३ मार्च
मावशी आली. गुडघा दाखवायला धंतोलीतल्या डॉक्टरकडे, तिथून जेवायला आमच्याकडे. आईने हौसेने पाटवडी रस्सा केला, अर्थात पाकिटातल्या मिरचीचा. पहिल्या घासाला मावशी थांबली. माझ्याकडे बघितलं. "रंग चांगला हाय," म्हणाली. आई खूश.
स्टँडवर सोडायला गेलो. बस लागलेली नव्हती. मीच विषय काढला. राग आला का, मावशी?
"काहून येईन राग? पोटाचा धंदा हाय तुहा." मग जरा वेळाने, "यंदा मिरची घरीच पडून हाय गा. समदे पाकीटच घेऊन राहिले. तू त्याच्यावर माहं लिवलं न? मंग माह्या मिरचीवरही लिहून दे. चार ओळी. गावातल्या दुकानात पाटी लावीन."
लगेच हो म्हणालो. तिने डोक्यावरून हात फिरवला. त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं.

३० मार्च
सुट्टी. सकाळपासून कागद पुढे घेऊन बसलोय. अस्सल? पाकिटावर आहे. घरची? आहे. भिवापुरी, आहे. मावशी, तीही पाकिटावरच. मावशीच्या मिरचीला मावशी म्हटलं तर लोक म्हणतील, पाकिटाची नक्कल केली.
खरं एकच वाक्य उरतं, पाकिटातली भिवापूरची नाही, ही आहे. ते लिहिलं की नोकरी गेली. आणि आईने पाकिटाचा पुढचा भाग कापून फ्रिजवर चिकटवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. तिला काय सांगू?
दुपारी शेठचा मेसेज. मावशी हिट झाली, आता हळदीसाठी आत्या पाहिजे. उद्यापर्यंत.
आत्या अर्ध्या तासात लिहून झाली. मला आत्याच नाही.

६ एप्रिल
मावशीचा फोन. "झालं का गा लिहून?"
"होऊन राहिलं, मावशी. शेवटचा हात फिरवतोय." शेठला सांगतो तेच, त्याच सुरात. कागदावर एक अक्षर नाही.
शेठ असता तर बोंबलला असता. मावशी म्हणाली, "सावकाश लिव, बापू. मिरची तशीबी पडूनच हाय."