लहान पेटीतले थेंब

४ मे २०२४

पुन्हा तेच! थेंब षटकोनात बसले. सरांच्या पेपरात ते सरळ रांगेत बसतात. अकरा वर्षं सगळे रांगाच मानतात — आणि मी कोण, कोरीट गावची मयूरी!

हेमकांत सर, माझे गाईड, फोनवर एवढंच म्हणाले — "कुठेतरी चुकलीयेस तू. शोध."

प्रश्न तसा साधा. गुळगुळीत पृष्ठभागावर पॉलिमरचे बारीक थेंब सोडले, तर कुणी हात न लावता ते आपले आपण कसे मांडून बसतील? खरा थेंब माझ्याकडे एकही नाही. माझे सगळे कॉम्प्युटरमधले.

७ मे

चूक सापडत नाही. डोकं भणभणतंय.

११ मे

सुट्टीमुळे कॉलेजची लॅब रिकामी. बावीस कॉम्प्युटर जोडून कामाला लावलेत. लॅब सांभाळणारे ईश्वरभाऊ वैतागले — "मॅडम, तीन दिन व्हयनात, मशीन चालूच शे!" मग स्वतःच कूलर ओढत आणला.

१२ मे

चूक माझी नाहीच!

थेंब सरकताना नुसती बघत बसले होते. प्रोग्राममध्ये थेंब एका चौकोनी पेटीत असतात; तिच्या उजवीकडून बाहेर गेलेला थेंब डावीकडून आत येतो. पृष्ठभाग अमर्याद वाटावा म्हणून ही सोय सगळेच करतात. पण सरांची पेटी इतकी लहान, की थेंबाला पलीकडे तो स्वतःच दिसतो आणि त्यालाच तो शेजारी समजतो! त्याला टाळत टाळत सरकतो — म्हणून रांग. सरांच्याच मापाची पेटी लावली — रांगा. पेटी चौपट केली, रांगा मोडल्या. आठपट — षटकोन. सोळापट — षटकोनच!!

ईश्वरभाऊ वाकून बघतात — "हाई ते मधमाशीसनं पोयं शे!"

१३ मे

सरांना सगळं पाठवलं. नूतनलाही — माझी मैत्रीण, पुण्यात प्रयोगशाळेत असते. म्हटलं, खऱ्या थेंबांवर करून बघ.

१९ मे

सरांचं उत्तर नाही. रागावले असतील? सारखी फोन बघते. आई म्हणाली, "जेवी ले बाई, फोन काय पयी जाई का?"

२ जून

नूतनचा मेल! खरे थेंब, खरी काच, सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो. षटकोन! अंतरं मोजली — माझ्या आकड्यांना चिकटून!

अशी किंचाळले की बाबा केळीच्या बागेतून धावत आले. "साप निघना का?" थेंब, बाबा, थेंब! त्यांनी फोटो आडवा-उभा करून पाहिला. "तुन्हा सरले दखाड पयले."

दाखवला. तेव्हाच्या तेव्हा पाठवला.

३ जून

सरांचा फोन.

"मी माझा तो पेपर मागे घेतोय. जर्नलला पत्र आत्ताच पाठवलं." मग — "तुझ्या पेपरावर माझं नाव घालू नकोस, मयूरी. हे काम तुझं एकटीचं आहे."