आता पुढे मी

लेन्सबरो, मिनेसोटा

लाडक्या आर्डिथ,

आम्ही सुखरूप पोहोचलो. आम्ही दोघं मिळून चालवतो त्या दोन सीटच्या सायकलची मागची साखळी एकदाच उतरली, तीही चढावर. तुझा गुडघा कसा आहे? टोमॅटो बरण्यांत भरून झाले का?

एक छोटासा बदल केलाय, आता पुढच्या सीटवर मी बसते. लग्नापासून एकतीस वर्षं वर्लिन पुढे आणि त्याच्या पाठीकडे बघत मी मागे. तो "खड्डा!" म्हणून ओरडला की मी सीटवरून जरा उठायचे. मंगळवारी दोन खड्ड्यांना तो ओरडलाच नाही. माझं कंबरडं मोडलं. मी चिडले, "जीभ झिजते का तुझी?"

"दिसलेच नाहीत गं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच पुढची सीट माझ्या उंचीला खाली केली. उन्हामुळे दिसलं नसेल त्याला. परतल्यावर डॉक्टरांना दाखवूच.

आज गंमत म्हणून मी सपाट रस्त्यावरच "खड्डा!" ओरडले.

"खोटारडे!" मागून आवाज आला. "खड्डा असता तर आधी तुझे खांदे आवळले असते. तेवढे दिसतात मला अजून."

तुझी, नीट रस्ता बघणारी,
मार्लिस